शेऱ्याचा रकाना

बाळाच्या वजनात दशांश चिन्हानंतर एक आकडा येतो. टांगता वजनकाटा शंभर-शंभर ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतो, त्यामुळे तो आकडा शून्यापासून नवापर्यंत कुठलाही असू शकतो, आणि पुरेशी बाळं मोजली तर प्रत्येक आकडा साधारण दहातून एकदा यायला हवा. थोडंफार कमीजास्त होतं, कारण माणसाच्या डोळ्याला शून्य आणि पाच आवडतात. माझ्यासमोरच्या तक्त्यात बारा कार्यकर्त्यांच्या नोंदी होत्या. अकरा जणींच्या नोंदींत सगळे आकडे होते. बाराव्या ओळीत तीनशे बारा वजनं होती. त्यांतल्या एकशे त्रेसष्टांच्या शेवटी शून्य होतं, एकशे एकोणपन्नासांच्या शेवटी पाच. दुसरा एकही आकडा नव्हता.

मी खुर्ची मागे सरकवली आणि चहा करायला उठले. मला आनंद झाला होता, हे आधीच सांगून टाकते.

मी तेव्हा पुण्यात एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात संख्याशास्त्रज्ञ होते. गोळ्यांच्या वजनातली तफावत बघणं हे माझं काम. शहरातल्या नोकरदारांना लहान लहान संस्थांशी जोडून देणारं एक मंडळ होतं, त्याची मी त्या वर्षी सभासद झाले. कुणी संस्थेला संकेतस्थळ करून द्यायचं, कुणी निधीसाठी प्रस्ताव कसा लिहायचा ते शिकवायचं, कुणी कायद्याचे कागद तपासून द्यायचं. सगळं घरबसल्या, आठवड्याचे चार तास. याला क्षमतावृद्धी म्हणत. आज जे काम संस्थेला जमत नाही ते उद्या तिचं तिला करता यावं, अशी ती कल्पना. मला ती पटली होती. अजूनही पटते.

मला जी संस्था मिळाली ती सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या एका तालुक्यात होती. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे सबनीस नावाचे गृहस्थ वीस वर्षं लहान मुलांच्या आरोग्याचं काम करत होते. बारा कार्यकर्त्या दर महिन्याला वाड्यांवर जाऊन मुलांची वजनं घेत आणि जे मूल वाळत चाललंय त्याच्या आईला दवाखान्यात घेऊन जात. सबनीस मृदू बोलणारे, पन्नाशीतले, खादीचा शर्ट घालणारे. बायका त्यांना दादा म्हणत. मी त्यांना कधी प्रत्यक्ष भेटले नव्हते. ते माझ्यासाठी पडद्यावर छातीपर्यंतच होते, मागे एक कॅलेंडर आणि पत्र्याचं कपाट.

पहिल्याच कॉलवर त्यांनी मला त्यांची नोंदवही कॅमेऱ्यासमोर धरून दाखवली. नाव, वय, वजन, आणि शेवटी एक चांगला रुंद रकाना: शेरा. त्या रकान्यात काहीही असायचं. आई मजुरीला गेली. खोकला. कोंबडीने डोळ्यापाशी टोचलं. मी म्हटलं, यातून संगणकाला काही काढता येत नाही, हा रकाना काढून टाकू. सबनीस जरा घुटमळले. बायकांना तो लागतो, म्हणाले. मी म्हटलं, लागतो म्हणजे सवय आहे. ते हसले आणि रकाना गेला. महिनाभरात बाराही जणींच्या फोनवर माझा नवा तक्ता होता, आणि जो मासिक अहवाल करायला सबनीसांना नऊ दिवस लागायचे तो अर्ध्या दिवसात व्हायला लागला. त्यांनी मला लिहिलं होतं की वीस वर्षांत त्यांना एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. ते पत्र माझ्याकडे आहे.

तर ती बारावी ओळ. मी सबनीसांना फोन केला आणि सांगितलं. मग त्यांनी बारावी म्हणजे कोण ते विचारलं. मला नावं माहीत नव्हती, मी मुद्दामच क्रमांक वापरले होते.

"झुंबरबाई," ते म्हणाले. "झुंबरबाई गावंडे. सगळ्यात वरच्या चार वाड्या तिच्याकडे आहेत." आणि मग, "जाऊ द्या ना, ताई. जुनी बाई आहे."

मी म्हटलं, जुनी आहे हे नोंद खरी असण्याचं कारण होत नाही. घरी बसून वजनं लिहिणारा माणूस असेच गोल आकडे लिहितो, हे जगभर दिसलेलं आहे. शिवाय संस्थेला निधी देणाऱ्या एका कंपनीतर्फे काम पाहणाऱ्या शलाकालाही तो तक्ता उघडा होता. तिने मी लाल केलेली ती ओळ त्याच दुपारी पाहिली आणि मला लिहिलं की हे फार मोलाचं काम आहे, याचा रीतसर अहवाल द्या. शलाका सव्वीस-सत्तावीस वर्षांची, हुशार, सगळ्यांशी प्रेमाने बोलणारी मुलगी होती.

मी दोन पानांचा अहवाल लिहिला. त्यात वाक्य होतं: 'या नोंदी प्रत्यक्ष वजन न करता केल्या असण्याची दाट शक्यता आहे.' शलाकाने विचारलं, 'दाट शक्यता' हे जरा धूसर वाटतं, वरच्या लोकांना स्पष्ट लागतं, काढलं तर चालेल का. मी पुन्हा एकदा गणित केलं. तीनशे बारा वजनांत एवढे शून्य आणि पाच निव्वळ योगायोगाने येणं अशक्यच होतं. मी ते दोन शब्द काढले. वाक्य झालं: 'या नोंदी प्रत्यक्ष वजन न करता केल्या आहेत.'

ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी संस्थेची मासिक बैठक होती. शलाकाचं म्हणणं पडलं की झुंबरबाईंना बोलायची संधी दिली पाहिजे, म्हणजे कुणी अन्याय झाला म्हणायला नको. मी माझ्या कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा काढली. पडद्यावर कार्यालयाची खोली दिसत होती. लॅपटॉप स्टुलावर असावा, कारण खाली सतरंजीवर बसलेल्या बायकांची डोकी मला वरून दिसत होती. सबनीस कडेला होते, त्यांचा एक खांदा तेवढा आत यायचा. शलाका दुसऱ्या चौकोनात होती, तिच्या मागे काचेची भिंत.

झुंबरबाई उभी राहिली. मी तिला पहिल्यांदा पाहत होते. चाळिशीची, काटक, नऊवारी काष्ट्याचं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. ती लॅपटॉपकडे बघत नव्हती. कुठे बघायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, तुम्ही प्रत्येक बाळाचं वजन करता का. ती म्हणाली, करते. काट्यावर करता का. काट्यावर.

"मग तुमच्याकडे एकाही बाळाचं वजन सात किलो तीनशे ग्रॅम का येत नाही?"

मी तोच प्रश्न हळू आवाजात, सोपा करून पुन्हा विचारला. तिने मान वळवून कडेला पाहिलं, त्या खांद्याकडे.

"दादा सांगतील," ती म्हणाली.

"मॅडमनी तुम्हाला विचारलंय, झुंबरबाई," सबनीसांचा आवाज आला, नेहमीसारखाच मऊ. "तुम्हीच सांगा."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात चित्र अडकलं. सात-आठ सेकंद ती तशीच पडद्यावर होती, मान वळवलेली, तोंड किंचित उघडं. चित्र सुटलं तेव्हा ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. सतरंजीवरून मथुरा नावाची एक कार्यकर्ती म्हणाली की वरच्या वाड्यांना चढ फार, घरच्या ओट्यावर बसूनच वजन होत असेल. दोघीतिघी हसल्या. सबनीसांनी त्यांना गप्प केलं नाही. मीही केलं नाही.

मला तेव्हा एक कल्पना सुचली, आणि ती मला अगदी न्याय्य वाटली. मी म्हटलं, इथेच एक वजन करून दाखवा. बैठकीला एक जण आपलं नऊ महिन्यांचं बाळ घेऊन आली होती. तुळईला काटा टांगला गेला, खाली कापडाची झोळी अडकवली. काटा आणि बाळ दोन्ही चौकटीत नीट येतील असं मी लॅपटॉप जरा डावीकडे वळवायला सांगितलं. झुंबरबाईच्या हातात बाळ दिलं. तिने ते घेतलं, खांद्याशी धरलं आणि जागची हलली नाही.

"घाला झोळीत," मी म्हटलं.

"झोळीत न्हाई घालायची मी."

"का?"

तिने बाळाच्या डोक्यामागे हात धरला.

"झुंबरबाई, तुम्हाला काटा लावता येत नाही का?"

आता सगळ्याच हसल्या. बाळ ज्या बाईचं होतं तिने उठून ते तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः झोळीत घातलं. आठ किलो सहाशे. मथुराने आकडा मोठ्याने वाचला. शलाका हळूच म्हणाली, मला वाटतं एवढं पुरे आहे. मी म्हटलं, हो, पुरे आहे.

झुंबरबाईला कामावरून काढून टाकल्याच्या पत्राचा मसुदा सबनीसांनी मला करायला सांगितला. तुमची भाषा नेमकी असते, म्हणाले. वीस मिनिटांत झाला. कारण एका ओळीत होतं: बनावट नोंदी. शलाकाच्या सूचनेप्रमाणे एक प्रत तालुक्याच्या आरोग्य कार्यालयाला गेली. सोळा वर्षं काम केलेल्या बाईला ते पत्र सबनीसांनी स्वतः दिलं नाही, मथुराच्या हाती पाठवलं. वरच्या चार वाड्याही मथुराकडेच गेल्या.

जानेवारीत मी जुनी वर्षं संगणकात घ्यायचं काम काढलं. नव्या आकड्यांशी तुलना करायला जुने आकडे लागतात. सबनीसांच्या कार्यालयातल्या मुलीने जुन्या वह्यांचे फोटो काढून पाठवले, पानामागून पान. तिला वाटलं मला सगळंच हवं आहे, म्हणून तिने शेऱ्याच्या रकान्यासकट पूर्ण पानं पाठवली.

झुंबरबाईची वही मी शेवटी घेतली. अक्षर मोठं, शाळकरी. पाच वर्षांपूर्वीच्या एका जून महिन्यापर्यंत तिच्या वजनांत सगळे आकडे होते, इतर जणींसारखेच. जुलैपासून फक्त शून्य आणि पाच. आणि जुलैपासून शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक ओळीत एकच नोंद होती: 'आईसंगं'. आईसंगं, आईसंगं, आईसंगं, पानंच्या पानं. त्यापुढे कुठे कुठे दोन आकडे आणि त्यांची वजाबाकी. साडेचव्वेचाळीस, अडतीस, साडेसहा. आई बाळाला घेऊन उभ्याच्या लोखंडी काट्यावर उभी राहायची, मग बाळ झुंबरबाईकडे देऊन एकटी उभी राहायची. त्या काट्याला अर्ध्या किलोच्याच खुणा असतात. दुसरा आकडा येणार कुठून?

जूनच्या शेवटच्या पानावर एक ओळ खोडलेली होती. एकाच आडव्या रेघेने, त्यामुळे वाचता येत होती. 'झोळीची कडी तुटली. बाळ दगडावर पडलं. दादांना सांगितलं.'

मी त्या शनिवारी सकाळी सबनीसांना कॉल लावला आणि ते पान पडद्यावर त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नाकारलं काही नाही. काटा कुणीतरी दान दिलेला, जुना होता. बाळ आठव्या दिवशी गेलं. ताप आला होता, म्हणाले, पडल्यामुळेच गेलं असं कुणी लेखी म्हटलेलं नाही. त्यानंतर वरच्या चारही वाड्यांतल्या बायका झोळी बघितली की पोर पदराखाली घ्यायच्या. झुंबरबाईने उभ्याचा काटा डोक्यावर घेऊन चढायला सुरुवात केली. अकरा किलोचा आहे तो, त्यांनी सांगितलं. बाहेर बोलली असती तर संस्था बंद पडली असती. ती बोलली नाही. ती ओळ तिने त्यांच्यासमोरच खोडली होती.

"आणि त्या दिवशी तुम्ही गप्प बसलात."

"शलाका होती ना, ताई. बाकीच्या अकरा जणींची घरं यावर चालतात. तुम्ही विज्ञानाच्या आहात. एक आणि अकरा यांत तुम्हीच सांगा."

मी कॉल संपवला. पुढच्या शनिवारी नेहमीच्या वेळेला पुन्हा कॉल लावला आणि आम्ही फेब्रुवारीच्या अहवालाबद्दल बोललो.

मार्चमध्ये वर्षाची बैठक झाली. वरच्या चार वाड्यांत अतिकुपोषित मुलं नऊवरून दोनवर आली होती. शलाकाने तो आलेख मोठा करून दाखवला. कार्यकर्ती बदलली, आकडे सुधारले, ती म्हणाली. आलेखाखाली बारीक अक्षरात वजन झालेल्या मुलांची संख्या होती. ती एकोणसत्तरवरून बावीसवर आली होती. ते बावीस जण बहुधा डांबरी रस्त्यालगतच्या घरांतले असणार, ज्यांच्या आया झोळीला घाबरत नव्हत्या आणि ज्यांची मुलं मुळात धड होती. तो आलेख मीच काढला होता, ती बारीक अक्षरंही माझीच. कुणी ती वाचली नाहीत. स्वयंसेवकांच्या मंडळाने मला त्या वर्षीचं प्रशस्तिपत्र दिलं.

बैठक संपताना शलाकाने विचारलं की बनावट नोंदी शोधायची तुमची पद्धत आम्ही आणखी चाळीस लहान संस्थांना देऊ का. फक्त तुमची लेखी संमती हवी. मी म्हटलं, कळवते.

तिने एप्रिलमध्ये आठवण केली. मी म्हटलं, थोडी सुधारणा करायची आहे. जुलैमध्ये म्हटलं, कामाचा ताण आहे. दिवाळीला तिने मिठाई पाठवली. मी आभार मानले आणि म्हटलं, नव्या वर्षात बघू. तेरा महिने मी 'कळवते' म्हणत होते. चाळीस संस्था म्हणजे पाचशेच्या आसपास कार्यकर्त्या. त्यांच्यातल्या कितीजणींकडे कसले काटे असतील आणि कुठला रकाना आपण काढून टाकू, हे मला आता रोज सुचायचं. पण नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

पुढच्या एप्रिलमध्ये मी एसटीने निघाले. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. निदान झुंबरबाईच्या तोंडून ऐकावं, असं काहीतरी. तालुक्याच्या स्थानकावर सबनीस जीप घेऊन आले होते. ते माझ्या कल्पनेपेक्षा उंच निघाले. वाटेत ते उन्हाबद्दल बोलले, हिरड्याचा भाव पडलाय म्हणाले. शेवटच्या वळणावर म्हणाले की जुन्या गोष्टी उकरून कुणाचं भलं होत नाही, पण तुम्हाला भेटायचंच आहे तर मी अडवणार नाही.

झुंबरबाई अंगणात हिरडा वाळत घालत होती. शेणाने सारवलेल्या अंगणात काळपट फळांचा थर, आणि ती वाकून हाताने तो पसरत होती. मी नाव सांगितलं. तिने मला ओळखायला वेळ घेतला. माझाही तिला फक्त चेहराच माहीत होता.

"त्या डब्यातल्या म्याडम," ती म्हणाली. "इकडं पयल्यांदाच आल्या का?"

"हो."

"तरीच."

तिने मला बाज दाखवली, पाणी आणून दिलं. सबनीसांकडे तिने पाहिलं नाही. मला म्हणाली, "त्यांना सांगा, माठ आत हाये. घर म्हाईत हाये त्यांना." सबनीस आत गेले नाहीत. अंगणाच्या कडेला उभे राहिले.

मी सांगितलं की मी वह्या वाचल्या, मला आता कळलं आहे. तिने मान हलवली, जणू मी वाटेत एसटी बंद पडली होती असं काहीतरी सांगितलं. काम कसं चाललंय ते विचारलं तर म्हणाली, हिरडा संपला की नारायणगावच्या बाजूला टोमॅटो तोडायला जाते. सरकारी आशाताईची जागा निघाली होती, अर्ज केला होता. तिथल्या साहेबाने फाईल काढली आणि तिला माझं पत्र वाचून दाखवलं. सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. रांगेत मागे आठ बायका होत्या.

"त्या दिवशी तुम्ही सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"शब्द म्या दिला व्हता, न बोलायचा. दादांनी दिला न्हवता. मंग कुणी बोलायचं?" ती पुन्हा हिरड्याकडे वळली. "म्या म्हणलं, आता बोलतील. आता बोलतील. तुमचा तो डबा बंद होईस्तोवर वाट बघितली."

एक कोंबडी हिरड्यावर आली, तिने तिला हाकललं.

मग तिने मला विचारलं की तुमच्या कागदात आता वाळलेली पोरं कमी झालीत ना, मथुरा सांगत होती. मी म्हटलं, कागदात कमी झालीत.

"एका पोरीला माती दिली म्या, पावसाळ्यात," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला नाही. "सगुणाची. वरल्या अंगाचं घर. पाच म्हैने तिचं वजन न्हाई झालं, झोळी म्हणली की सगुणा दार लावून घ्यायची. म्या जातायेता बघत व्हते. पोरीचा दंड माझ्या दोन बोटांत मावायला लागला. म्या सगुणाला म्हणलं, आजच्या आज दवाखान्यात चल, मी येते संगं. सोळा वर्सं माझं आईकलंय त्या वाडीनं. सगुणा म्हणली, झुंबरमावशे, तुझं आता काय धरायचं, तुला तर खोटं लिव्हती म्हणून काढलीया. आन् हसली. वाईट न्हाई हसली. आपलं सहज."

मी विचारलं, कधी गेली. चार दिवसांनी, ती म्हणाली.

मी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मला तिला विचारायचं होतं की मी काय करू. मी तसं विचारलंही. म्हटलं, मी सगळं सांगितलं तर त्या बाळाचंही निघेल, निधी बंद होईल, संस्था राहणार नाही. तुम्ही म्हणाल तसं करते.

झुंबरबाई पहिल्यांदा सरळ उभी राहिली.

"मला नका इचारू. काढताना इचारलं व्हतं का? मंग आता ह्यो भार माझ्या डोक्यावर कशाला देता? अकरा किलोचा काटा न्हेला तेवढा बास."

"वैजयंतीताई," सबनीस अंगणाच्या कडेवरून मला म्हणाले, "खाली कार्यालयात जाऊन शांतपणे बोलू. अकरा जणी आहेत हो."

"व्हत्या की अकरा जणी," झुंबरबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "सतरंजीवर बसलेल्या. समद्यांनी बघितलं व्हतं मला काटा वाहताना. एकीचं तोंड उघडलं न्हाई. उघडलं ते हसायला."

मी पर्समधून फोन काढला. त्या अंगणात रेंज होती, एकच रेघ. शलाकाचं नाव यादीत वरच होतं, कारण आदल्याच आठवड्यात तिने पुन्हा आठवण केली होती. सबनीस दोन पावलं पुढे आले आणि माझ्या मनगटापाशी हात नेला, पण लावला नाही. ते तसे सभ्य गृहस्थ होते. मी फोनचा आवाज मोठा केला, म्हणजे तिला ऐकू जावं. झुंबरबाई पुन्हा खाली बसली होती आणि हिरडा पसरत होती.

दुसऱ्या बाजूला शलाका खुशीत होती. अखेर तुमचा फोन आला म्हणाली, चाळीसही संस्थांची यादी तयार आहे, मी कधीची तुमच्या होकाराची वाट बघतेय.

"शलाका, लिहून घे," मी म्हटलं. "ती पद्धत कुणालाही द्यायची नाही. झुंबरबाई गावंडे यांनी प्रत्येक बाळाचं वजन केलं होतं. संस्थेच्या काट्यावरून एक बाळ पडलं आणि गेलं, म्हणून त्या झोळी वापरत नव्हत्या, आणि हे मला सव्वा वर्षापासून माहीत आहे. बनावट होता तो माझा अहवाल. तो मी मागे घेते आहे, आज, माझ्या नावानिशी, आणि जिथे जिथे त्याची प्रत गेली तिथे तिथे हे मी लेखी कळवणार आहे."